दिलेला शब्द नक्की कुणाचा?



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, युद्धकांड, नागपाशाचा प्रसंग.

रोज दोन सर्ग असं करत करत आपण इथवर आलो. इंद्रजिताने मायावी बाणांनी राम-लक्ष्मणांना जखडून टाकलं आहे. दोघंही रणात पडलेले. वानरवीर भोवती जमलेत, कुणाला काही सुचत नाही. थोड्या वेळाने रामाला शुद्ध येते. बाजूला लक्ष्मण निपचित. मग राम जो विलाप करतो, त्यातलं बरंचसं आपल्या ओळखीचं आहे. असा भाऊ पुन्हा मिळायचा नाही, आता सीता मिळून तरी काय उपयोग, सुमित्रामातेला काय तोंड दाखवू. कुठलाही भाऊ हेच म्हणेल.

पण मध्येच राम एक वेगळी गोष्ट बोलतो. विभीषणाला राक्षसांचा राजा करीन असं मी म्हणालो होतो, ते माझ्या हातून झालं नाही. माझं ते बोलणं खोटी बडबड ठरलं, आणि तेच मला जाळत राहील, असं तो म्हणतो.

हा भाग मी पूर्वी दोन-तीनदा तरी वाचला असेल. कधी इथे थांबले नव्हते. या वेळी थांबले, त्याला कारण आहे. काल मार्गशीर्षातला गुरुवार होता. महालक्ष्मीच्या कथेची पोथी काढायला देवघराखालचा खण उघडला आणि पोथीखाली तो पिवळा लिफाफा दिसला. खरं सांगायचं तर आधीच्या दोन गुरुवारीही दिसला होता. दोन्ही वेळा मी पोथी तेवढी काढली आणि खण लावून टाकला.

त्या लिफाफ्याची गोष्ट सांगायची तर चार वर्षं मागे जायला हवं.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. आपली मराठी मंडळी इथे पुष्कळ आहेत. तशीच अफगाण कुटुंबंही पुष्कळ. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्यानंतर ही माणसं इथे येऊ लागली. गावाच्या एका भागाला लोक 'लिटल काबूल'च म्हणतात. तिथल्या बेकरीतले लांबलचक नान आमच्याही घरी येतात. तर माझ्या शेजारी एक माजी सैनिक राहतो. माझ्या मुलाच्या वयाचा. अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आलेला. एरवी बोलणं बेतानेच.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. त्या आठवड्यात त्याच्या गॅरेजमधला दिवा रात्रभर जळायचा. इथल्या आणि काबूलच्या घड्याळात साडेअकरा तासांचा फरक, म्हणजे तिकडचा दिवस ही आमची रात्र. मी एकदा पोह्यांची बशी घेऊन गेले तर हा दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलेला. भिंतीवर विमानतळाचा नकाशा, टेबलावर एका कागदावर चाळीसेक नावं. त्याचा जुना दुभाषी, त्याची बायको आणि मुलं काबूलमध्ये अडकली होती, आणि हा इथून त्यांना वाट दाखवत होता. या रस्त्याने नको, तिथे चौकी आहे. सामान टाका, पण चार्जर टाकू नका. मुलांना पाणी आत्ताच पाजून घ्या.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती अजून मनातून जात नाही. त्या दुभाष्याकडे अमेरिकन अधिकाऱ्यांनी दिलेली शिफारसपत्रं होती. ती तालिबानच्या चौकीवर सापडली असती तर जीव गेला असता. आणि ती जवळ नसती तर विमानतळाच्या दारातून कुणी आत घेतलं नसतं. त्याच्या बायकोने पत्रांचे फोटो काढून माझ्या शेजाऱ्याला पाठवले आणि मूळ कागद चुलीत घातले. नवऱ्याने काही वर्षं जिवावर उदार होऊन जे कमावलं होतं, ते तिने स्वतःच्या हाताने जाळलं.

अशी गॅरेजं तेव्हा अमेरिकेत जागोजागी होती. फ्लोरिडातले एक निवृत्त लेफ्टनंट कर्नल, स्कॉट मॅन, यांनी आपल्याबरोबर काम केलेल्या एका अफगाण कमांडोला बाहेर काढण्यासाठी काही मित्रांना गोळा केलं. त्यातून पुढे शेकडो माणसं आत गेली. फोनवर अननसाचं चित्र दाखवायचं, ही त्यांची ओळखीची खूण. म्हणून त्या गटाचं नावच 'पाइनॅपल' पडलं. सॅन दिएगोचे एक माजी नौसैनिक शॉन व्हॅनडायव्हर यांनी अशा अनेक गटांची मोट बांधली, ती 'अफगाणइव्हॅक' म्हणून ओळखली जाते. त्यात सगळेच सैनिक नव्हते. शिक्षक होते, वकील होते, घरी लहान मूल असलेल्या आया होत्या. कुणाला पगार नव्हता, कुणाला हुकूम नव्हता.

शेजाऱ्याच्या दुभाष्याचं कुटुंब विमानतळाच्या ॲबी गेटजवळच्या सांडपाण्याच्या कालव्यात कित्येक तास उभं होतं. आतल्या एका जवानापर्यंत याचा निरोप पोचला. बायकोने लाल ओढणी हलवली आणि त्यांना वर ओढून घेतलं. दोन दिवसांनी, २६ ऑगस्टला, त्याच जागी बाँबस्फोट झाला. १३ अमेरिकन सैनिक आणि सुमारे १७० अफगाण माणसं गेली. ३० ऑगस्टच्या रात्री शेवटचं विमान उडालं. त्या दोन आठवड्यांत १ लाख २० हजारांहून जास्त लोक बाहेर पडले, हे खरंच. पण शेजाऱ्याच्या कागदावरच्या चाळीसेक नावांपैकी त्या वेळी फक्त एक कुटुंब सुटलं. त्या कागदावरची बाकीची नावं त्याने आजतागायत खोडलेली नाहीत.

मी त्याला एकदा म्हटलं, तू एवढी दया दाखवलीस, देव तुझं भलं करो. तो जरा चिडलाच. म्हणाला, यात दया कसली? आम्ही त्यांना सांगत होतो की तुम्ही आमच्याबरोबर उभे राहा, आम्ही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. शब्द सरकारचा होता, पण तोंड माझं होतं.

मंडळी, आजच्या चिंतनाचा प्रश्न हाच आहे. दिलेला शब्द नक्की कुणाचा?

सरकारचा म्हणावा तर तो कायद्यात लिहिलेला आहे. २००९ मध्ये अमेरिकेने अफगाण साहाय्यकांसाठी खास व्हिसाची तरतूद केली. पुढे असंही ठरवलं की अर्ज नऊ महिन्यांत निकाली निघावा. प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं थांबले. पण डोंगरातल्या एखाद्या खेड्यात सैनिकाच्या पुढे चालणाऱ्या दुभाष्याने वॉशिंग्टन कुठे पाहिलं होतं? त्याने समोरच्या पोराकडे पाहिलं. त्याच्या ताटात जेवला, आणि त्याच्यावर विश्वास टाकला. विश्वास माणूस माणसावरच टाकतो. मग सरकारने हात वर केले, तर त्या माणसालाही हात वर करता येतात का?

मॅट झेलर नावाच्या अधिकाऱ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. २००८ मध्ये गझनी प्रांतात त्याच्यावर चाल करून येणाऱ्या दोन तालिबान्यांना जॅनिस शिनवारी या त्याच्या दुभाष्याने मारलं, म्हणून तो जगला. शिनवारीला अमेरिकेत यायला २०१३ उजाडलं, तेही झेलर हात धुऊन मागे लागला म्हणून. नव्या संसारासाठी झेलरने लोकांकडून पैसे जमवले, तर शिनवारी म्हणाला, मला नकोत, माझ्यासारखे मागे राहिलेत त्यांच्यासाठी काहीतरी सुरू करू. त्यातून 'नो वन लेफ्ट बिहाइंड' ही संस्था उभी राहिली. ज्याला देणं मिळालं, तोच पुन्हा देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला!

आपल्याकडे ऋण हा शब्द आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. यातलं एकही आपण सही करून घेतलेलं नसतं, तरी ते आपलंच असतं. मला वाटतं दिलेला शब्द तसाच आहे. तो दुसऱ्या कुणाच्या वतीने दिला असला, तरी ज्याच्या तोंडून निघाला त्याच्यावर चढतो.

आता यावर कुणी विचारेल, ज्याच्या हातात काहीच नाही त्याने शब्द पाळायचा कसा? बरोबर आहे. म्हणूनच आजचा प्रसंग मला मोलाचा वाटतो. नागपाशात पडलेल्या रामाच्या हातात काय होतं? बोटसुद्धा हलत नव्हतं. तो सहज म्हणू शकला असता की युद्धच हरलो, आता कसला करार? विभीषणालाही ते पटलं असतं. पण राम तशी सूट घेत नाही. काम होणं न होणं त्याच्या हाती नाही, पण ते बोलणं माझं होतं, एवढं तो सोडत नाही. आणि ज्याला हे जाळतं, तोच पुढे जेवढं हाताला येईल तेवढं करतो. कुणी अर्ज भरतो, कुणी घरभाड्याला हातभार लावतो, कुणी रात्री दोनला फोन उचलतो. मोठं देणं असं सुट्ट्या पैशांनीच फिटतं.

आणखी एक गोष्ट. विभीषणाने रामासाठी काय केलं नाही? वेष पालटून आलेले रावणाचे हेर ओळखले, इंद्रजिताच्या निकुंभिलेतल्या यज्ञाचा पत्ता दिला. आणि आपण आज कुणाला विभीषण म्हणतो? घरभेद्याला! मुलाचं नाव विभीषण ठेवलेलं तुम्ही ऐकलंय का? त्या दुभाष्यांचंही असंच आहे. तिकडे ते परक्यांना फितूर झालेले, आणि इकडे आले तर संशयित. बाजू सोडून आलेल्या माणसाला दोन्ही तीरांवर जागा नसते. त्याच्याजवळ फक्त त्याला दिलेला शब्द असतो.

आता सुग्रीवाकडे वळू, कारण त्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. विभीषण शरण आला तेव्हा सुग्रीव म्हणाला होता, हा शत्रूचा भाऊ, हेर असेल, याला मारून टाकावं. तो प्रसंग आपण वाचला २७ नोव्हेंबरला. आदल्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळीबार झाला. वीस वर्षांची एक मुलगी त्यात गेली. पकडलेला संशयित अफगाण आहे, २०२१ मध्ये इथे आलेला, आणि अमेरिकेच्या सीआयएच्या बरोबरीने लढणाऱ्या तुकडीत होता. त्या मुलीच्या आईसमोर बसून मी शरणागताच्या गोष्टी सांगू शकेन का? नाही. तिथे डोकं टेकवून गप्प बसावं.

पण रामाने काय केलं ते नीट बघा हं. त्याने सुग्रीवाला मूर्ख म्हटलं नाही. सगळ्यांना विचारलं. अंगद म्हणाला पारखून घ्या. जांबवानाला वेळ आणि जागा दोन्ही संशयास्पद वाटली. हनुमानाने त्या माणसाचा चेहरा आणि बोलणं पाहून विश्वास ठेवावा असं सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर राम म्हणाला की शरण आलेल्याला मी अभय देतो, हे माझं व्रत आहे. आणि विभीषणाला आणायला सुग्रीवालाच पाठवलं. माणूस पारखून घेण्याला रामाची ना नव्हती. शेजाऱ्याची मंडळीसुद्धा प्रत्येक नाव चारदा तपासतात. पण एकाने गुन्हा केला म्हणून इतर सगळ्यांचं देणं बुडवायचं, हे पारखणं नव्हे. त्या गोळीबारानंतर इथल्या सरकारने सगळ्याच अफगाणांचे अर्ज आणि व्हिसा थांबवले. निर्वासितांना आणणं तर त्याआधी जानेवारीपासूनच बंद होतं.

आता लिफाफा.

त्या दुभाष्याचं कुटुंब आज आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतं. त्याची बायको मला 'खाला' म्हणते. हिंदी मालिका बघून बघून तिला बऱ्यापैकी हिंदी येतं, त्यामुळे आमचं जमतं. तिचा धाकटा भाऊ मागे राहिला. तो अमेरिकन तळावर एका कंत्राटदार कंपनीत कामाला होता, म्हणजे खास व्हिसाला तोही पात्र. पण अर्जाला कंपनीचं पत्र लागतं, की हा आमच्याकडे अमुक वर्षं होता. ती कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, जुना पत्ता बंद. मी तीस वर्षं कंपन्यांची हिशेबाची कामं केली. कुठल्या खात्याला कसं पत्र टाकायचं, कुठे फोन लावायचा, हे मला कळतं. ऑगस्टमध्ये तिने भावाच्या ओळखपत्राच्या आणि पगाराच्या चिठ्ठ्यांच्या प्रती लिफाफ्यात घालून माझ्या हातात दिल्या. मी म्हटलं, "बघते मी. काळजी करू नकोस."

बघते मी! मराठी माणसाच्या तोंडातला सगळ्यात स्वस्त शब्द. त्यात नकार नाही, होकार नाही, समोरच्याला बरं वाटतं आणि आपण मोकळे. मग गणपती आले, नवरात्र आलं, दिवाळी आली. लिफाफा पोथीखाली गेला.

आणि आता जे सांगते ते सांगायला जीभ अडखळते. अर्ज थांबवल्याची बातमी नोव्हेंबरच्या शेवटी वाचली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. 'आता करून तरी काय उपयोग' असं आलं, आणि त्याबरोबर हायसं वाटलं. सरकारने दार लावलं आणि माझी सुटका झाली, असं. दोन वेळा खण उघडून लावला तो याच जोरावर.

काल संध्याकाळी तो विलाप वाचला आणि पोथी मिटवून शेजाऱ्याकडे गेले. त्याला विचारलं, आता पत्र मिळवून काही फायदा आहे का? तो म्हणाला, अर्ज दाखल करायची कायद्यातली शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ आहे. थांबवलेलं काम कधीतरी पुन्हा सुरू होईल. पण ज्याचा अर्ज त्या तारखेच्या आत गेलेला नाही, त्याच्यासाठी दार उघडूनही उपयोग नाही.

म्हणजे सरकारने नाही, मी लावत होते दार.

रात्री तिला फोन केला. आधी वाटलं, सांगावं की प्रयत्न चालू आहेत. मग खरं ते सांगितलं. खण, पोथी, सगळं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खाला, मला वाटलं तुम्ही प्रयत्न केलात आणि काही झालं नाही. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मंडळी, चार महिने तिने माझ्या आळसाला कष्ट समजून जपलं. यापेक्षा ती चिडली असती तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाली, "मग आता करा."

आज सकाळी सातला बसले. नव्या कंपनीच्या मनुष्यबळ खात्याला पत्र गेलं, तीन जागी फोन लावले. दोन ठिकाणी यंत्राशी बोलले, तिसरीकडे एका बाईने नाव आणि वर्षं लिहून घेतली आणि सोमवारी फोन करा म्हणाली. हाताशी एकोणीस दिवस आहेत, त्यात नाताळ. पत्र मिळेल का, माहीत नाही. मिळालं तरी तो मुलगा सुटेल का, ते तर माझ्या हातातच नाही. पण हे मी आता 'बघते' म्हणून सोडलेलं नाही. फोन कधी कुणाला केला, ते वहीत तारखेसह लिहिलं आहे. ती वही देवघरापाशीच ठेवली आहे.

आजचा अभ्यास सोपा आहे आणि अवघडही. गेल्या काही महिन्यांत आपण कुणाकुणाला 'बघतो', 'बघते', 'करू काहीतरी' म्हणालो, ते आठवा. कामवाल्या बाईच्या मुलाची फी असेल, गावाकडच्या काकांचा पेन्शनचा कागद असेल. त्यातलं एक काम कागदावर लिहा. होण्यासारखं असेल तर आज सुरू करा. होण्यासारखं नसेल तर फोन करून तसं सांगा. वाट बघणाऱ्याला निदान वाट बघण्यातून मोकळं करा.

हे रामराया, मोठाली वचनं देण्याची माझी पात्रता नाही. जी दिली ती विसरण्याचं सुख मात्र मला देऊ नकोस. आणि जे कुणी आज रात्रीही कुठल्या दुसऱ्याच देशाचा नकाशा समोर ठेवून जागे आहेत, त्यांना बळ दे.

उद्याच्या वाचनात गरुड येतो आणि नागपाश सुटतात. पण विभीषणासाठी राम जळत होता तेव्हा गरुड येणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढं आज लक्षात ठेवू या.

राम कृष्ण हरी.